वायरलेसचा सेट कोठे बसवावा?

गेल्या महिन्यात दिल्लीत एका बैठकीस बसलो होतो. विषय रुक्ष होता. दुर्गम भागांतील क्षेत्रीय कार्यालयांसाठी चारही चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्या घ्यावयाच्या होत्या आणि त्यांचे विनिर्देश ठरवावयाचे होते. इंजिन, टायर, दोरखंडाची चरखी, जादा इंधनाचे डबे असे एकेक कलम झपाट्याने पार पडत गेले. सोळाव्या की सतराव्या कलमात लिहिले होते : 'दुतर्फी रेडिओ संच, पुढील डाव्या आसनासमोर, अधिकाऱ्याच्या हाताशी.' एक तरुण सहकारी म्हणाला, "सर, आता उपग्रह फोन असतात, मोबाइलही बहुतेक ठिकाणी पोचला आहे. हे कलमच काढून टाकू या का?" दुसरा म्हणाला, "राहू द्या, खर्च फारसा नाही." पुढच्या कलमाकडे जाण्याची सर्वांना घाई होती. मी मात्र हात वर केला आणि सेट 'अधिकाऱ्याच्या हाताशी' बसवण्यास माझा विरोध आहे असे सांगितले. त्यावर पंधरा मिनिटे गेली. चहा थंड झाला. एवढ्याशा गोष्टीसाठी हा मनुष्य का अडून बसला आहे, हे कोणाला कळेना. बैठकीत सारे सांगणे शक्य नव्हते, म्हणून ते येथे लिहितो.

प्रथम त्या तरुण सहकाऱ्याचा मुद्दा. मोबाइल असताना वायरलेस कशाला, हा प्रश्न शांत दिवसाचा आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले तेव्हा तेथील दूरध्वनी यंत्रणा कोसळली आणि हौशी रेडिओचालकांनी निरोपांची ने-आण केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईसारख्या शहरात फोन लागेनासे झाले, हे आपल्यापैकी पुष्कळांनी परगावी बसून, घरच्यांचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत अनुभवले असेल. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली, जून २०१३ मध्ये केदारनाथचा प्रलय झाला. तेथेही हीच गत झाली. मोबाइलला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि संकटात हजारो माणसे एकाच वेळी बोलू लागली की जिवंत मनोराही गुदमरतो. वायरलेसचा गुण निराळा आहे. एकाने बोललेले त्या लहरीवरचे सगळे ऐकतात. कोणाला हाक मारायची हे ठाऊक नसतानाही हाक मारता येते. सेट राहिला पाहिजे याबद्दल मला शंका नाही. प्रश्न आहे तो कोठे, याचा.

ही गोष्ट २००४ सालची आहे. अरुणाचल प्रदेशाच्या पूर्व टोकाकडील एका जिल्ह्यात मी उपायुक्त होतो. आपल्याकडे ज्याला जिल्हाधिकारी म्हणतात, तेच पद. त्या प्रदेशाची जमीन अजून स्थिरावलेली नाही. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने तेथील डोंगर असे खिळखिळे केले की आजही पावसाळ्यात कडेच्या कडे रस्त्यावर उतरतात. रस्ता म्हणजे नदीच्या कडेने डोंगराच्या पोटात कोरलेली एक रेघ; मागे दरड कोसळली की पुढचे जग तुटले. मोबाइल मुख्यालयाच्या वेशीपर्यंतही धड पोचत नव्हता. राज्याच्या राजधानीशी बोलावयाचे तर एचएफचा मोठा सेट असे, कारण त्या लहरी आकाशातील आयनमंडलावर आपटून दूर जाऊन पडतात. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात मात्र व्हीएचएफ चाले. या लहरी सरळ जातात, डोंगराला वळसा घालीत नाहीत. म्हणून एका उंच धारेवर रिपीटर बसवलेला होता. तो खालून आलेला आवाज पकडून पुन्हा चहूकडे फेकी. ज्या घळीतून ती धार दिसत नाही, तेथे बोलणे बंद. अशा जागेला सरकारी भाषेत छायाक्षेत्र म्हणतात. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे मला त्याचा आसरा मिळाला होता.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये माझी कापडी हूडची जुनी जिप्सी जाऊन पत्र्याच्या टपाची एक नवी डिझेल गाडी आली. तिच्यासाठी २५ वॉटचा नवा सेटही मंजूर झाला. तो बसवण्यासाठी पोलिसांच्या वायरलेस शाखेचा एक मेकॅनिक आला. मूळचा केरळचा, पण वीस वर्षे त्या डोंगरांत काढलेला. हिंदी बोले ती आसामी वळणाची. सेट कोठे बसवायचा यावर माझ्या अंगणात जी चर्चा झाली, तीत तीन पक्ष होते.

मेकॅनिकचा पक्ष विजेचा आणि पत्र्याचा होता. त्याच्या मते सेटची जागा ही दुय्यम बाब. मुख्य प्रश्न अँटेनाचा. साधारण १५० मेगाहर्ट्झची लहर दोन मीटर लांबीची असते, तिचा चौथा हिस्सा म्हणजे अर्ध्या मीटरची काडी. ही काडी एकटी काम करीत नाही. तिच्या पायाशी चहूबाजूंनी पत्रा असावा लागतो, आणि तो जितका सारखा पसरलेला, तितका आवाज सर्व दिशांना सारखा जातो. म्हणजे टपाचा मध्य ही आदर्श जागा. कापडी हूडच्या गाडीला हे सुख नव्हते, नव्या गाडीला होते. पण टपाच्या मध्यावर अँटेना बसवायची तर टपाला भोक पाडावे लागते. आणि येथे, एखादा दगड लागून नांगर थांबावा, तसे सारे काम थांबले. कोऱ्या करकरीत शासकीय गाडीला भोक! माझ्या कार्यालयाचे मुख्य लिपिक कळवळून म्हणाले की लेखापरीक्षणात यावर आक्षेप निघेल आणि वसुली कोणाकडून करायची हा प्रश्न उभा राहील. मीही तेव्हा नवा होतो, आक्षेपांना भीत होतो. भोक पाडायचे नाही असे ठरले आणि अँटेना मागच्या डाव्या कोपऱ्यात, टपाच्या कडेच्या पन्हळीला ब्रॅकेट आवळून बसवली. मेकॅनिकने ब्रॅकेटखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, म्हणजे जोड पक्का मिळावा. तेवढेसुद्धा त्याने लिपिकांची पाठ वळल्यावर केले.

कोपऱ्यातल्या अँटेनाचा परिणाम काय होतो, हे आम्हाला पुढे रस्त्यावर कळले. पत्रा ज्या बाजूला अधिक, त्या बाजूला आवाज जोरात जातो. आमची अँटेना मागे, सारा पत्रा तिच्या पुढे. म्हणून गाडीचे नाक ज्या दिशेला, त्या दिशेचे स्पष्ट ऐकू येई आणि पाठीमागचे क्षीण. मुख्यालयातून निघालेली गाडी मुख्यालयाला पाठ करूनच जाते. परिणामी जाताना खरखर आणि येताना खणखणीत. चालकाने यावर उपाय शोधला होता. काही महत्त्वाचे बोलावयाचे असले की रुंद जागा पाहून तो गाडी वळवून उभी करी आणि म्हणे, "अब बोलिए साब."

या चालकाला सारे कार्यालय दाजू म्हणे. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. पन्नाशीचा, कमी बोलणारा, वळणावर हॉर्न देण्यापूर्वी खिडकीबाहेर कान देऊन ऐकणारा. चर्चेतला दुसरा पक्ष त्याचा. त्याने आपले म्हणणे शब्दांत फारसे मांडले नाही. गाडीत बसला, डावा हात गिअरच्या दांड्यावर ठेवला, मग त्याच्यामागच्या चार चाकांच्या दांड्यावर नेला, मग तेथून डॅशबोर्डाच्या मधोमध, दांड्यांच्या वरच्या बाजूला टेकवला आणि म्हणाला, "इधर." त्याच्या हाताला ती जागा सापडली होती. तेथे सेट असता तर दोन्ही दांडे मोकळे राहिले असते, माइकची वेटोळी वायर गुंतली नसती, आणि रस्त्यावरची नजर न काढता हात पोचला असता.

तिसरा पक्ष माझा. माझे म्हणणे असे की सेट माझ्यासमोर, डाव्या आसनापुढे असावा. दाजूला गाडी चालवू द्यावी. बोलणे, ऐकणे आणि निर्णय घेणे हे माझे काम. माहिती आणि अधिकार एकाच हाती असावेत. हे मी अगदी पाठ्यपुस्तकी खात्रीने सांगितले. मौज अशी की एम.ए.ला असताना हायेक यांचा १९४५ सालचा ज्ञानाच्या वापराविषयीचा सुप्रसिद्ध निबंध मी मोठ्या भक्तिभावाने वाचला होता. समाजातले ज्ञान माणसामाणसांत विखुरलेले असते आणि जागेवरच्या माणसाला जे ठाऊक असते ते वरच्या कोणत्याही कार्यालयात गोळा करता येत नाही, हे त्यातले म्हणणे मी परीक्षेत चांगल्या अक्षरात उतरवूनही काढले होते. जागेवरचा माणूस माझ्या उजव्या हाताला बसलेला आहे, हे काही सुचले नाही. आणि खरे सांगायचे तर थोडा डौलही होता. समोर सेट, त्यावर दिवा, हातात माइक. गावात गाडी शिरली की पोरे त्या माइककडे पाहत. सेट माझ्यासमोर बसला.

मेकॅनिकने काम चोख केले. वीज सिगारेटच्या लायटरमधून न घेता सरळ बॅटरीपासून आणली आणि दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज लावले. बोलताना असा सेट पाच-सहा अँपिअर ओढतो, लायटरची बारीक वायर ते सोसत नाही, शिवाय इंजिनाची घरघर आवाजात मिसळते. सेट जमिनीपासून उंच ठेवला, कारण ओढे ओलांडताना पायाशी पाणी येई. आसनाखाली ठेवण्याची सूचना मुख्य लिपिकांनी केली होती, ती त्याने एका शब्दात उडवली : "डूबेगा." जाताना तो माझ्या आसनावर बसला, सेटकडे पाहिले आणि विचारले, "साहब, इधर हमेशा आप ही बैठेगा?" मी हो म्हणालो.

ऑगस्टमध्ये दिल्लीहून एक वरिष्ठ अधिकारी पाहणीसाठी आले. सज्जन गृहस्थ, उत्साही. त्यांना सीमेकडील एका सर्कलच्या मुख्यालयापर्यंत घेऊन जावयाचे होते. अशा गाडीत पुढचे डावे आसन मानाचे. तेथून दरी दिसते, धक्केही कमी बसतात. अर्थातच ते तेथे बसले आणि मी मागे. सकाळी अकराच्या सुमारास एक दरड सीमा रस्ते संघटनेच्या बुलडोझरने हटवली, आम्ही पलीकडे गेलो, आणि तासाभरात ती आमच्या मागे पुन्हा कोसळली. पाहुण्यांच्या गुडघ्यांपाशी सेट अखंड खरखरत होता. सांगितले तसे, पाठीमागच्या दिशेचा आवाज क्षीण आणि खरखर फार. ते मला काहीतरी विचारत होते, जिल्ह्यातील धान्यपुरवठ्याविषयी, आणि मला नीट ऐकू येत नव्हते. ते हसून म्हणाले, "ही खरखर जरा कमी करता येईल का?" मी दोन आसनांमधून वाकलो, हात लांब केला आणि आवाजाची कळ उलटी फिरवली. किती फिरवली? शेवटपर्यंत. मग आम्ही धान्यपुरवठ्याविषयी बोललो.

दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी नियंत्रण कक्षाने आमच्या गाडीला पहिली हाक मारली. दुसरी १:५२ ला. तिसरी २:१५ ला. या वेळा मी नंतर नोंदवहीत वाचल्या. निरोप असा होता : डोंगरावरच्या एका गावातील बाळंतीण दोन दिवस अडली आहे, गावकरी तिला बांबूच्या डोलीतून खाली रस्त्याकडे आणीत आहेत, दरडीच्या पलीकडे आपली एकच गाडी आहे, पाऊलवाट रस्त्याला मिळते तेथे थांबावे आणि तिला पुढे सर्कलच्या आरोग्य केंद्रात न्यावे, तेथे डॉक्टर आहेत. ती वाट जेथे रस्त्याला मिळते, ती जागा आम्ही दोनला काही मिनिटे कमी असताना ओलांडली. तेथे कोणी नव्हते. डोली रस्त्यावर पोचली अडीचच्या सुमारास. गावकऱ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग खांदे बदलत ते चालू लागले.

चार वाजता आम्ही सर्कलच्या मुख्यालयात पोचलो तेव्हा तेथील वायरलेस ऑपरेटर हातात कागद घेऊन फाटकापाशीच उभा होता. दाजूने गाडी बंदही केली नाही. आरोग्य केंद्रातील परिचारिकेला घेऊन तो तसाच मागे फिरला. पावणेसहाला त्याला डोली रस्त्यात भेटली. साडेसातला ते परतले. मी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात उभा होतो. पाहुणेही आले होते, काय झाले आहे ते त्यांना नीट कळले नव्हते आणि मी सांगितले नाही. बाई वाचली. मूल वाचले नाही.

डॉक्टर तरुण होते. तीन तास आधी आणली असती तर, असे मी विचारले. ते म्हणाले की वाचले असते असे म्हणता येणार नाही, आणि नसते असेही म्हणता येणार नाही. त्यांनी हे फार थकलेल्या आवाजात सांगितले. दिलासा देण्याचा वा दोष देण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मला वाटते, ते अचूक होते.

चौथ्या दिवशी परत आलो. टेबलावर टिपणी तयार होती. नियंत्रण कक्षाने तीन वेळा हाक मारूनही वाहनाकडून उत्तर आले नाही. वाहन त्या वेळी छायाक्षेत्रात असावे. सबब कोणाचीही कसूर दिसून येत नाही. टिपणी लिहिणाऱ्याचा काही कट नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटले असावे. आणि आमच्या अँटेनाची ख्याती पाहता ते पटण्यासारखेही होते. मी स्वतःलाही तसेच सांगून पाहिले : कळ उघडी असती तरी पाठीमागून आलेली ती हाक खरखरीत विरूनच गेली असती. मी टिपणीवर 'पाहिले' असे लिहून सही केली. प्रशासनात 'पाहिले' या शब्दाइतका सोयीचा शब्द नाही. त्याचा अर्थ मान्य असाही होतो आणि अमान्य नाही असाही.

सप्टेंबरातील एका फेरीत त्या जागेजवळ आलो. दाजूने गाडी वळवून उभी केली. बोलावयाचे काही नव्हते. तो बोनेटकडे पाहत म्हणाला, "उस दिन बत्ती जल रहा था, साब." मला क्षणभर कळले नाही. सेटवर एक बारीक दिवा असतो. लहरीवर कोणी बोलू लागले, म्हणजे सेटने तो आवाज पकडला, की तो पेटतो. मी मागे होतो, माझ्यासमोर आसनाची पाठ होती. पाहुण्यांना दिव्याचा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दाजूला डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दिसला होता. एकदा वळणावर, मग पुन्हा. आवाज साहेबांनी स्वतः कमी केला आहे, तेव्हा साहेबांना ठाऊक असेल, असे तो समजला. मोठ्या साहेबांच्या गुडघ्यांवरून हात घालणे त्याला शक्यही नव्हते आणि शोभलेही नसते. म्हणजे आम्ही छायेत नव्हतो. हाक पोचली होती.

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. पण पुढच्या आठवड्यात मेकॅनिकला बोलावून घेतले. त्याने सेट काढला आणि दाजूने एप्रिलमध्ये हात टेकवला होता, बरोबर तेथे बसवला. दाजूच्या उजव्या कानाजवळ, दाराच्या खांबावर एक वेगळा लहान स्पीकर लावला, म्हणजे मागच्यांना फारसा त्रास न होता त्याला ऐकू यावे. माइकचा आकडा असा ठोकला की दोन्ही आसनांवरून हात पोचेल. एक सुधारणा त्याने न विचारता केली. सेटच्या आतील मांडणीत आवाजाची खालची मर्यादा ठरवता येते. ती त्याने अशी ठेवली की कळ कितीही फिरवली तरी आवाज पूर्ण बंद होऊ नये. त्याला कोणी काय सांगितले होते, हे मी विचारले नाही. टपाच्या मध्यावर एकोणीस मिलिमीटर व्यासाचे भोक पाडण्याचा आदेश मी लेखी दिला. मुख्य लिपिकांनी तो दोनदा वाचला. लेखापरीक्षणात त्यावर कधीही आक्षेप निघाला नाही. मात्र बऱ्याच वर्षांनी त्या गाडीचे निर्लेखन झाले तेव्हा दोषांच्या यादीत 'टपास छिद्र' अशी नोंद होती, असे तेथील एका सहकाऱ्याने हसत हसत कळवले.

जागा ठरवताना आम्ही सारे 'कोणाचा अधिकार' हा प्रश्न विचारीत होतो. डाव्या आसनावर कधी मी, कधी पाहुणा, कधी आजारी शिपाई, कधी धान्याचे पोते. प्रत्येक फेरीत असतोच असा गाडीत एकच माणूस, आणि त्याचे आसन शिष्टाचारानुसार बदलत नाही. केरळच्या त्या गृहस्थाने जाताना मला हेच विचारले होते. चालकाचे लक्ष विचलित होईल हा आक्षेप खरा आहे, मी तो टाळीत नाही. म्हणून बोलणे शक्यतो दुसऱ्याने करावे, किंवा गाडी थांबवून करावे. ऐकण्याने मात्र चालकाचे लक्ष विचलित होत नाही; निदान डोंगरात तरी कान हे त्याचे अर्धे काम असते.

नोव्हेंबरात ती फाइल पुन्हा माझ्यापुढे आली, जाड होऊन. ऑगस्टच्या घटनेचा आधार घेऊन त्या टापूसाठी दुसऱ्या रिपीटरचा प्रस्ताव तयार झाला होता. जागा निवडलेली, अंदाजपत्रक जोडलेले, वर शिफारशीसाठी माझी सही तेवढी राहिलेली. खोट्या निदानावर खरा खर्च होणार होता. जिल्ह्यात खरोखरची मुकी अशी दुसरी एक घळ होती, तिथली दोन गावे पावसाळ्यात चार-चार महिने बोलू शकत नव्हती. पैसा इकडे आला असता तर तिकडे जाणार नव्हता. अर्थशास्त्रात याला संधीची किंमत म्हणतात. हे कारण मला सोयीचे झाले, हेही कबूल केले पाहिजे. केवळ सत्यासाठी मी लेखणी उचलली असती की नाही, सांगता येत नाही. मी लिहिले : वाहन छायाक्षेत्रात नव्हते, सेटचा आवाज निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः बंद केला होता, प्रस्तावित ठिकाणी रिपीटरची आवश्यकता नाही, तो दुसऱ्या घळीसाठी विचारात घ्यावा. वरून एकच पृच्छा आली : आवाज बंद करण्यामागील प्रयोजन कृपया स्पष्ट करावे. मी स्पष्ट केले. पुढे काही झाले नाही. रिपीटर दोन वर्षांनी त्या दुसऱ्या घळीवर बसला, तेव्हा मी बदलून गेलो होतो.

त्याच महिन्यात मी त्या गावी गेलो. रस्त्यापासून चार तासांची चढण. गावबुढा आपला लाल कोट घालून वेशीवर उभा होता. प्रशासनाने दिलेला हा कोट तेथे सरकारी भेटीला घालतात. रास्त भावाच्या धान्याविषयी, शाळेच्या छपराविषयी बोलणे झाले. मग दुभाष्याला मी म्हणालो, यांना सांग की त्या दिवशी गाडी थांबू शकली असती, निरोप आला होता, मी आवाज बंद केला होता म्हणून ऐकला नाही. दुभाषी माझ्याकडे पाहत राहिला. मी पुन्हा सांगितले. मग तो गावबुढ्याकडे वळून बोलला. माझ्या तीन वाक्यांसाठी पुष्कळच बोलला. गावबुढ्याने मान हलवली आणि मला तांदळाच्या बिअरचा पेला पुढे केला. त्याने काय ऐकले ते मला आजतागायत ठाऊक नाही. ती बाई घराच्या ओसरीत मागावर बसली होती. नवरा शेतावर होता. उतरताना मी दुभाष्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "जो बोलना था, बोल दिया सर."

असो. दिल्लीच्या बैठकीत यातले एवढेच सांगितले की सेट मध्यभागी, चालकाच्या डाव्या हाताच्या टप्प्यात असावा, स्पीकर त्याच्या कानाशी, आवाजाची खालची मर्यादा पक्की आणि अँटेना टपाच्या मध्यावर, भोक पाडून. भोकाबद्दल एकाने शंका काढलीच. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले. परवा इतिवृत्त हाती आले. सतराव्या कलमापुढे लिहिले आहे : 'संच बसवण्याची जागा वापरकर्त्याच्या सोयीनुसार निश्चित करावी.' वापरकर्ता म्हणजे कोण, हे विचारणारे पत्र मी आज सकाळी पाठवले आहे.